आईच्या साड्यांचं चक्र

"एक रिकामी रिंग मिळेल का?"

भायखळ्याच्या मंडईमागे पुष्पचक्रं बनवणारं ते चिंचोळं दुकान. आत एक तरुण शेवंतीचे देठ कापत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"रिकामी नाही देत. फुलं लावूनच देतो. गेलेल्यांचं नाव काय लिहायचं?"

"नाही... मला दारावर लावायचंय."

आता त्याने वर पाहिलं. डोळे थकलेले, पण मवाळ.

"पुष्पचक्र? घराच्या दारावर?"

"फुलांचं नाही. आईच्या जुन्या साड्यांचं. ती जूनमध्ये गेली. वर्षभर सण नाहीत, तोरण नाही... दार अगदी ओकंबोकं दिसतं."

भिंतीवरची एक तारेची रिंग काढून त्याने फडक्याने पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"नाही जमलं तर या," तो म्हणाला.

नाहीच जमलं. डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत आता मी आणि बाबा, दोघंच. बाबा टीव्ही लावतात आणि आवाज बंद ठेवतात. त्या शांततेत मी आईच्या विरलेल्या सुती साड्यांच्या पट्ट्या फाडल्या, रिंगला बांधल्या; पण गाठी सैल पडून एका बाजूला गोळा व्हायच्या. शनिवारी मी पुन्हा भायखळ्याला गेले.

त्याचं नाव हितेंद्र. त्याने एक पट्टी घट्ट ओढली आणि आधीच्या गाठीला भिडवली.

"अशी. मधे तार दिसता कामा नये."

"फुलंही एवढी घट्ट बांधता?"

"नाही. फुलांना जपावं लागतं. कापडाची भीती नाही."

"कशाचीच भीती वाटत नाही वाटतं तुम्हाला?"

"कापड घेऊन येणारीची वाटते... थोडी." आणि त्याने घाईघाईने हात मागे घेतला.

गाठी मला पुढच्याच शनिवारी जमायला लागल्या. तरी मी जात राहिले. बाहेर श्रावणातली भुरभुर, आत ओल्या पानांचा वास, आणि माझ्यासाठी पुसून ठेवलेलं स्टूल. कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"इथे माणसं येतात, नाव सांगतात, रडतात आणि जातात," एकदा तो म्हणाला. "परत कुणी येत नाही. तू आलीस."

मी खाली मान घालून पट्टी बांधत राहिले. त्या दिवशी तीनदा चुकले.

दिवाळीच्या तोंडावर चक्र पुरं झालं. फिकी निळी, शेवाळी, विटकरी... कडांचे धागे सुटलेले. ते दारावर लावलं आणि दुसऱ्याच दिवशी लालबागहून कमलाबाई आत्या आली.

"या चिंध्या कशाला टांगल्यास गं? वर्ष सरलं नाही अजून." मग खुर्चीत टेकून ती बाबांना म्हणाली, "आनंदा, पनवेलचं स्थळ आहे. वर्षाच्या आत हिचं उरकून टाक. नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल."

बाबा उठले. दाराशी जाऊन त्यांनी एक शेवाळी पट्टी बोटांत धरली. बराच वेळ.

"ही तिची गणपतीतली," ते म्हणाले. "राहू दे, अक्का." मग माझ्याकडे वळून, "मेघना, तुला करायचंय का लग्न?"

चार महिन्यांत पहिल्यांदाच ते एवढं बोलले होते. त्यांचा सदरा खांद्यावर किती सैल झालाय, ते मला तेव्हा दिसलं.

"आत्ता नाही," मी म्हणाले. "आणि पनवेलला तर नाहीच."

शनिवारी हितेंद्रला सगळं सांगितलं. तो रिबिनीवर कुणाचं तरी नाव लिहीत होता. पेन थांबलं.

"म्हणजे तीन वर्षं."

"हो. बाबांना आत्ता एकटं नाही टाकता येणार. आणि कुणी माझ्यासाठी थांबावं, असं म्हणायचा मला हक्क नाही."

"कुणी म्हणजे?"

"तू." मी म्हणाले. "मला तू आवडतोस, हितेंद्र."

त्याने पेनाला टोपण लावलं.

"मलाही... पण आई मार्गशीर्षात मुली बघायला सुरुवात करणार आहे. आणि तीन वर्षांचं वचन देऊ मी? रोज इथे बसून बघतो ना, माणसाच्या हातात किती असतं ते."

मी पिशवी उचलली. डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं होतं.

"मेघना... थांब. आईला मी आज सांगतो, मुली बघू नकोस म्हणून. एवढं आज माझ्या हातात आहे. आणि उद्या तुझ्या बाबांना भेटायला येतो."

"ते कुणाशी बोलत नाहीत रे फारसं."

"मग मीही गप्प बसेन," तो म्हणाला. "त्यांच्या शेजारी."

मी पिशवी खाली ठेवली.