वंशावळीची फाईल

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी कोणाला पटवायला बसलेली नाही.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. गुरुवार. दुपारचा सव्वा वाजला होता.

हो, दुपारचा. भुतं रात्रीच फिरतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या नारिन शहराच्या बाजारात भर दुपारी येऊन उभं राहावं.

बाजाराच्या मागच्या रांगेत, जिन्याखाली, माझ्या मावसबहिणीचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, खोकंच ते. समोर माझा लोकरी मोज्यांचा गाळा. त्या दिवशी जे झालं त्यातलं थोडं मी स्वतः पाहिलं, बाकीचं तिने मला सांगितलं. ती खोटं बोलत नाही. खोटं बोलता आलं असतं तर बाई आज सुखात असती.

तिचं नाव उलबोलसुन. म्हणजे ‘मुलगा होऊ दे’.

आमच्याकडे अशी नावं ठेवतात. पहिली मुलगी झाली तेव्हा तिच्या वडिलांनी, सादिरकुलकाकांनी, हौसेने आल्तिनाय नाव ठेवलं. दुसरीच्या वेळी हौस फिटली. तिसरीच्या वेळी बाळाचं तोंडही न बघता त्यांनी नाव सांगून टाकलं. तीन वर्षांनी मुलगा झाला. त्याचं नाव कुबानिच, म्हणजे ‘आनंद’. नाव लागू पडलं म्हणून सगळ्यांनी उलबोलसुनचं कौतुक केलं. आयुष्यात तिचं झालेलं तेवढंच एक कौतुक.

काका भूगोलाचे मास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या कुळाच्या वंशावळीचं पुस्तक करायला घेतलं. लॅपटॉप उलबोलसुननेच आणून दिला. अकरा हिवाळे काका नावं सांगत आणि ती टाइप करी, कारण काकांना कीबोर्डवर एक अक्षर सापडेपर्यंत चहा निवायचा. चार हजारांच्या वर नावं झाली.

सगळी पुरुषांची. वंशावळीत मुली लिहीत नाहीत.

एकदा तिने विचारलं होतं, “बाबा, माझं नाव कुठे लिहू?”

काका हसले. “तू लिहिणारी. लिहिणाऱ्याचं नाव कोण लिहितं? जा, चहा आण.”

तिने चहा आणला. हे तिने मला निदान वीस वेळा सांगितलंय, आणि दरवेळी हसत सांगितलंय.

जानेवारीत काका गेले. पुस्तक चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला वाटायचं ठरलं. शनिवारी फाईल छापखान्यात द्यायची होती, आणि नेमका लॅपटॉप रडायला लागला. एक पान उघडायला दहा मिनिटं. तो गुरुवार म्हणजे काका गेल्याचा बत्तिसावा दिवस. कुबानिच सकाळी लॅपटॉप तिच्या टेबलावर ठेवून गेला.

“ताई, भंगार झालंय हे. पाचला येतो, तोवर काय कचरा असेल तो उडव.”

त्याला घाई होती. बायकोला, पेरिझातला, सातवा महिना होता आणि तिला दवाखान्यात न्यायचं होतं. पेरिझातला आधीच्या दोन मुली. काकांनी शेवटचं आजारपण सुनेच्या पोटाकडे डोळे लावूनच काढलं.

आता एक गोष्ट सांगते, जी उलबोलसुनने तोवर कोणालाच सांगितली नव्हती. मलाही नाही.

काकांना पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी, घरातल्या बाया भांडी घासत असताना, ती एकटी काकांच्या खोलीत गेली. वंशावळीची फाईल उघडली. सादिरकुलच्या नावाखाली फक्त कुबानिच होता. तिने त्याच्या खालच्या ओळीवर तीन नावं टाइप केली. दोघी बहिणींची, आणि शेवटी आपलं.

चार हजार नावं कुबानिच काही वाचत बसणार नव्हता. एकदा छापून आलं की खोडता येत नाही. त्या पुस्तकात आपण असावं, एवढं एकच तिला आयुष्यात हवं होतं.

लॅपटॉप त्या दिवसापासूनच रखडत होता. पण ते तिच्या डोक्यात आलं नाही.

तिने कामाला सुरुवात केली. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचा वापर शंभर टक्के.

यात काही नवल नाही. असे लॅपटॉप तिच्याकडे रोज येतात. कोण खातंय ते यादीत बघायचं, त्याला बंद करायचं, झालं. तिने यादी वापराप्रमाणे लावली. पहिला प्रोग्राम दोन टक्के. दुसरा एक. बाकी सगळे शून्य.

वर मात्र शंभर.

म्हणजे यादीत नसलेलं कोणीतरी काम करत होतं.

तिला वाटलं, व्हायरस. कोणीतरी चोरून या मशीनवर डिजिटल नाणी खणत असेल, आजकाल हे फार होतं. तिने इंटरनेट तोडलं. व्हायरस तपासला. काही नाही. सुरू होतानाच जागे होणारे सगळे प्रोग्राम बंद केले. सेफ मोडमध्ये चालू करून पाहिलं, तिथेही शंभर. मग मशीन उघडलं. पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसर थंड ठेवणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, पुन्हा बंद केलं.

बटण दाबलं.

पंखा हळूहळू सुरू झाला... आणि मग चढला... चढतच गेला.

शंभर.

तेवढ्यात मी चहा घेऊन गेले. दारातच थांबले.

“कोण तळतंय गं?”

गुरुवारी आमच्यात मेलेल्यांच्या नावाने बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळतात. तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो. उलबोलसुन काका गेल्यापासून दर गुरुवारी सकाळी तळत होती, त्या सकाळीही तळले होते. मला वाटलं, वास तिच्या शालीला असेल. मी शाल नाकाशी धरली. शालीला नुसता थंडीचा वास.

मी वाकले...

वास लॅपटॉपच्या बाजूच्या फटीतून येत होता. पंख्याच्या गरम हवेबरोबर. ताज्या, नुकत्याच कढत झालेल्या तेलाचा.

“पेस्ट जळली असेल,” मी म्हटलं.

“पेस्टचा वास मला कळत नाही होय?” ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मी कप ठेवला आणि माझ्या गाळ्यावर परत आले. खरं सांगते, मी पळाले. समोर बसून बघत राहिले, पण आत काही पुन्हा गेले नाही.

तिने ठरवलं, मशीन गेलं खड्ड्यात, निदान फाईल वाचवू. तिने वंशावळीची फाईल पेनड्राइव्हवर घेतली, दुकानाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर टाकली आणि काकांच्या मशीनवरून काढून टाकली.

काकांचा लॅपटॉप त्याच क्षणी गप्प झाला.

एक... दोन... तीन सेकंद पूर्ण शांतता.

मग तिच्या लॅपटॉपचा पंखा सुरू झाला.

तिने टास्क मॅनेजर उघडून पाहिला. शंभर.

आता तिला कळलं. कचरा मशीनमध्ये नव्हता. फाईलमध्ये होता. तिने फाईल उघडली, शेवटच्या पानावर गेली.

सादिरकुल. त्याखाली कुबानिच.

त्याखाली आल्तिनायचं नाव नव्हतं. दुसरीचंही नव्हतं.

तिचं होतं.

ती मला म्हणाली, “खरं सांगू? आधी भीती वाटलीच नाही. मला रडूच आलं. वाटलं, बाबांनी त्या दोघींना काढलं आणि मला ठेवलं. शेवटी का होईना, मला ठेवलं.”

तिने डोळे पुसले आणि पुन्हा वाचलं.

तिने टाइप केलं होतं ‘उलबोलसुन’. तिथे होतं ‘उल बोलसुन’.

मध्ये एक रिकामी जागा.

एकत्र लिहिलं की ते तिचं नाव. तोडून लिहिलं की ते नाव राहत नाही, साधं वाक्य होतं. मुलगा होऊ दे. आणि ते होतं कुबानिचच्या नावाखाली, जिथे त्याची मुलं यायची तिथे.

तिने ती जागा पुसली. शब्द जुळला.

पंखा किंचाळायला लागला. स्क्रीन गोठली. माउस हलेना. तेलाचा वास आता तिच्या लॅपटॉपमधून यायला लागला. मिनिटभराने स्क्रीन सुटली...

उल बोलसुन.

तिने पुन्हा जोडला. पुन्हा तुटला.

नऊ वेळा. मी समोरून तिला पाहत होते. ती कीबोर्डवर वाकून दातओठ खात होती. एक गिऱ्हाईक मोबाईल घेऊन आलं, तिने मान वर न करताच त्याला हाकललं. घड्याळात पाचला दहा कमी होते.

मग मी तिला बोलताना ऐकलं. समोर कोणी नव्हतं. ती मोठ्याने नव्हती बोलत, पण बाजार पांगत आला होता आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला.

“बाबा, चार हजार नावं मी लिहिली. एकात चूक काढून दाखवा. एक माझं राहू द्या.”

पंखा हळू झाला.

आकडा उतरायला लागला. नव्वद... सत्तर... चाळीस...

तिला वाटलं, ऐकलं. बाबांनी ऐकलं.

मग तिच्या डोळ्यांदेखत, तिचा हात कीबोर्डवर नसताना, ती रिकामी जागा वाढली.

एक. दोन. चार. दहा.

‘उल’ जागेवरच राहिलं आणि ‘बोलसुन’ सरकत सरकत पानाच्या कडेपर्यंत गेलं. तिथे थांबलं. आकडा परत शंभरवर.

पाच वाजत आले होते. हे असंच छापलं असतं तर सगळ्या कुळाच्या हातात तो नवस पडला असता, तिच्या नावाचं लक्तर करून. मग तिने दोन्ही शब्द निवडले आणि पुसून टाकले. ओळ रिकामी झाली.

पंखा थांबला.

दोन टक्के.

इतकी शांतता झाली की मला माझ्या गाळ्यावर तिचा श्वास ऐकू येत होता. वास गेला. फाईल झटकन उघडत होती, झटकन बंद होत होती. तिने ती काकांच्या लॅपटॉपवर परत टाकली. तिथेही दोन टक्के. नवीन घेतला होता तेव्हासुद्धा तो इतका वेगाने चालला नव्हता.

कुबानिच पाचला आला. पानं वर-खाली करून पाहिली आणि खूश झाला.

“काय झालं होतं गं?”

“एक नको असलेली गोष्ट होती आत,” ती म्हणाली. “काढली.”

“मग सकाळीच काढायची ना. दोन मिनिटांच्या कामाला दिवस घातलास.”

तो गेल्यावर मी तिच्याजवळ गेले. तिने मला सगळं सांगितलं. रडली नाही. मीच रडले.

चाळिसाव्याला पुस्तक वाटलं गेलं. निळं कापडी बांधणीचं, सोनेरी अक्षरं. वडिलांचं काम तडीस नेलं म्हणून सगळ्यांनी कुबानिचची पाठ थोपटली. टाइप कोणी केलं हे कोणी विचारलं नाही. उलबोलसुन पाहुण्यांना चहा ओतत होती. एक पुस्तक तिच्याही हातात दिलं, तिने ते न उघडताच पिशवीत टाकलं.

इथे हे संपायला हवं होतं.

एप्रिलमध्ये पेरिझातला तिसरी मुलगी झाली. पेरिझात जरा हट्टी आहे. नवस-बिवसाचं नाव ठेवायचं नाही म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं आणि मुलीचं नाव बेगायम ठेवलं, म्हणजे राणीसाहेब. मला तेव्हा ती फार आवडली.

मे महिन्यात एका दुपारी पेरिझातचा फोन आला. मी उलबोलसुनच्या दुकानात होते. तिच्या हाताला पेस्ट लागली होती म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला.

“ताई, बाबांचा लॅपटॉप पुन्हा तसाच झालाय. नुसता तापतोय. तुम्ही एकदा येऊन बघता का?”

उलबोलसुनने विचारलं, कधीपासून.

पेरिझात जरा घुटमळली. “रागावू नका. मी बेगायमचं नाव फाईलमध्ये लिहून पाहिलं होतं. यांच्या नावाखाली. यांना माहीत नाही. नुसतं कसं दिसतं ते बघायला. आज उघडलं तर तिचं नाव गायब, आणि तिथे तुमचं नाव आहे. तुम्ही लिहिलंत का?”

उलबोलसुनचा हात थांबला.

“एक शब्द आहे की दोन?”

“म्हणजे?”

“नीट बघ. एकत्र लिहिलंय, की मध्ये जागा आहे?”

पेरिझात बघायला गेली. फोन चालूच होता. लांबून पंख्याचा आवाज येत होता... चढत चाललेला... आणि त्यात मध्येच बाळाचं रडणं.

“जागा आहे,” ती परत येऊन म्हणाली. “ताई, मी पुन्हा बेगायम लिहिते. मी काही हार मानणारी नाही. पण हे मशीन नीट कसं करायचं ते सांगा ना.”

उलबोलसुनने माझ्याकडे पाहिलं. उपाय तिला माहीत होता. एका ओळीचा उपाय. पुसून टाक, लगेच थंड होईल.

पण तो तिने पेरिझातला सांगितला नाही. गिऱ्हाईक आलंय म्हणाली आणि फोन ठेवून दिला. दुकानात गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

तेव्हापासून पेरिझात दर आठवड्याला फोन करते. गुरुवारी, दुपारी. परवाही आला होता. उलबोलसुनने उचलला नाही. मी शेजारीच बसले होते. उचल, असं मीही म्हटलं नाही.