आठ तारांचे रंग

"ताई... नाही, म्हणजे — एक विचारू? ही तार नारंगी आहे की हिरवी?"

पुस्तकांच्या दुकानात, संगणकाच्या कपाटासमोर मी कधीची उभी होते. आवाजाकडे वळून पाहिलं तर एक उंच, किडकिडीत माणूस उघडं पुस्तक माझ्यासमोर धरून उभा. पानावर नेटवर्कच्या तारेचं भलंमोठं चित्र. आत आठ बारीक तारा, आठही वेगळ्या.

मुलीशी बोलायला लोक काय काय निमित्तं काढतात! हे मात्र नवीन होतं.

"नारंगी," मी कोरडेपणाने म्हटलं. "चांगली ठळक नारंगी."

"आणि ही?"

"हिरवी. चेष्टा करताय का माझी?"

तो कानापर्यंत लाल झाला. "नाही हो. मला दोन्ही सारख्याच दिसतात. लहानपणापासून."

मी चांगलीच ओशाळले. मग सुचलं ते विचारलं, "तंत्रज्ञाच्या पहिल्या परीक्षेला बसताय?"

"हो. तुम्ही?"

"मीही."

तो कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावायचा. मी दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. दवाखान्याचा संगणक बंद पडला की पेशंट गाल धरून बसत आणि मी फोन धरून — तंत्रज्ञ कधी येतोय म्हणून. एकदा त्या तंत्रज्ञाने संगणकाचा डबा उघडला, दोन गोष्टी काढून पुसून बसवल्या आणि यंत्र सुरू झालं. तेव्हाच वाटलं, वाट बघण्यापेक्षा हे यायला हवं आपल्याला. दादा म्हणाला, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस." पण मी आलेच दुकानात.

माझ्या हातात दुकानदाराने दिलेला पुस्तकाचा ठोकळा होता. त्या किडकिडीत माणसाने तो उलटून पाहिला. "हे नका घेऊ. यावर जुन्या परीक्षेचा क्रमांक आहे. ती बंद झाली."

दुकानदार एकदम कपाटावरची धूळ झटकू लागला.

मग आम्ही दोघांनी मिळून कपाट पालथं घातलं. नव्या परीक्षेची दोन पुस्तकं बरी वाटली. एक जाडजूड — मदरबोर्डपासून प्रिंटरपर्यंत सगळं समजावून सांगणारं. दुसऱ्यात फक्त सरावाचे प्रश्न, पण प्रत्येक उत्तर का चूक, का बरोबर, हे दिलेलं.

"नुसतं वाचलं तर वाटतं, सगळं येतंय," मी म्हटलं. "आणि नुसते प्रश्न सोडवले तर पोपटपंची होते."

"मग जाड तुम्ही घ्या, प्रश्नांचं मी घेतो. रविवारी... रविवारी अदलाबदल करू?"

बोलून गेल्यावर तोच दचकला.

वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर आमचा अभ्यास सुरू झाला. गोदामातला एक मोडीत काढलेला संगणक त्याने आणला. आम्ही तो इतक्यांदा खोलला आणि जोडला, की त्याचे स्क्रू गुळगुळीत झाले. घरी वहिनी म्हणायची, "एवढं जाड पुस्तक दर रविवारी फिरायला नेतेस? घरी करमत नाही वाटतं त्याला!"

तारा जोडायच्या असल्या की मी रंग सांगायची. नारंगी पट्टा... नारंगी... हिरवा पट्टा... आणि माझ्या आवाजामागून त्याची बोटं एकेक तार ओळीत लावायची. कधी चुकीच्या तारेवर थांबली तर मी हात पुढे करून ती सरकवायची. जरा जास्तच सावकाश — हे कबूल करायला हवं.

आम्ही दोघं पास झालो. मला एका शाळेच्या संगणककक्षात जागा मिळाली; सुट्टीनंतर शाळा उघडली की रुजू व्हायचं, तोवर दवाखानाच. ही बातमी दादानेच शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितली. माझ्या अभ्यासाच्या सोबत्यालाही एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं.

"रंगांचं सांगू का त्यांना?" त्याने विचारलं. "नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे?"

"लपवून मिळवलेली नोकरी रोज लपवावी लागेल," मी म्हटलं.

तो पुस्तक मिटून उठला. "तुम्हाला सोपं आहे म्हणायला."

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पायऱ्यांवर एकटीच बसून मी पान उलटत राहिले. वाटलं, खरं बोलले, पण मला कुणी विचारलं होतं? मग आठवलं — विचारलं होतं. त्यानेच. म्हणून तर मला जास्त लागलं.

आणि एक दिवस भर गर्दीत तो दवाखान्यात येऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"दात दुखतोय?" मी मान वर न करता विचारलं.

"सांगितलं मी त्यांना. सगळं. मग त्यांनी तिथेच तारा जोडून दाखवायला लावल्या."

आता मात्र माझी मान वर झाली. "मग?"

"जोडल्या! फोनमध्ये सोय असते, तारेवर धरला की रंग बोलून दाखवतो. रोज तेच घोटत बसलो होतो. उद्यापासून कामावर."

मला खूप आनंद झाला, आणि त्याच क्षणी आत काहीतरी खचलं. "छान. म्हणजे आता रंग सांगायला मी नको."

"नकोच." त्याने टेबलाची कड घट्ट धरली. "म्हणून तर आधी शिकून घेतलं. रंगांसाठी तुझी गरज होती ना, तोवर... बोलता येत नव्हतं. तुला वाटलं असतं, तारांसाठीच विचारतोय."

तुझी. तुला. पहिल्यांदाच. माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

"काय... विचारतोयस?"

"जन्मभराचं."

गाल धरून बसलेली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. कोपऱ्यातल्या एक आजीबाई गालावरचा हात काढून म्हणाल्या, "अगं, बोल की पटकन! माझा नंबर यायचाय."

"हो," मी म्हणाले. मग वाटलं, त्याला ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हणाले. "हो!"

आतून डॉक्टरांनी आजीबाईंना हाक मारली. पण त्या काही केल्या उठेनात.