तिसरी बाही

त्या दुपारी ती स्टूल दुरुस्त करून आणायला निघाली होती, त्यात भिण्यासारखं काहीच नव्हतं. सुतार तिच्या दुकानापासून चौथ्या दारात. बाहेर लख्ख ऊन होतं, समोर कुणीतरी गाडी धूत होतं, आणि काखेत धरलेलं स्टूल दर पावलाला तिच्या कमरेवर आपटत होतं. चार पायांचं साधं लाकडी स्टूल. तीन पायांना रबरी बूट होते आणि चौथा अनवाणी, त्यामुळे ते ओढलं की फरशीवर त्या एका पायाचा खर्रर्र असा आवाज निघायचा. दात आंबावेत असा.

"इतकी वर्षं चाललं की असंच," सुतार म्हणाला. "आताच काय झालं?"

"आवाज होतो."

"तो पहिल्यापासून होतोय."

"आता नको झालाय," ती म्हणाली.

सुतारानं जुने बूट उपटून चारही नवे ठोकले, आणि स्टूल आपल्या फरशीवर मागेपुढे ओढून दाखवलं. कसलाही आवाज आला नाही. "घ्या! मांजर तरी पाय वाजवील, हे नाही वाजवणार."

ती हसली नाही. स्टूल उचलून निघाली, आणि दोन दारं ओलांडते तोच थबकली. आपण घाई तर नाही ना केली? सहा आठवडे मन घट्ट करून जे ठरवलं होतं ते झालं होतं, आणि आता तिला रस्त्यातच रडू यायला लागलं होतं. एका स्टुलासाठी इतकं का, हे समजायला थोडं मागं जायला हवं.

तिला झोपेचा आजार होता. नार्कोलेप्सी म्हणतात त्याला, पण लग्न झालं तेव्हा हा शब्द कुणाच्या कानावरून गेला नव्हता. सासरी तिला 'डुलकी' असं नाव पडलं आणि सगळे मोकळे झाले. भर दुपारी, बोलता बोलता, हातात सुई असताना झोप तिला उचलून न्यायची. दुसरी तऱ्हा त्याहून विचित्र होती. ती मनापासून हसली की तिच्या गुडघ्यांतला जीव जायचा. शुद्ध जायची नाही, सगळं ऐकू यायचं, फक्त पाय नसल्यासारखी ती जागच्या जागी खाली बसायची. आणि अशा बाईला नवरा मिळाला तो एक नंबरचा विनोदी.

दुकान शिंपीकामाचं. पुढे गल्ल्यावर नणंद बसायची, मागच्या खोलीत नवरा कापड कापायचा आणि ती शिवायची. नवऱ्याला सगळे मास्टर म्हणत. मास्टरला दिवसातून दोनचार विनोद सांगितल्याशिवाय अन्न पचत नसे, आणि बायकोला पडू द्यायचं नाही हेही त्याच्या मनात पक्कं होतं. म्हणून त्यानं एक रीत पाडली. काही सांगायचं मनात आलं की तो आधी स्टूल ओढत आणायचा आणि तिच्या मागे लावायचा. खर्रर्र. स्टुलाची कड गुडघ्यांच्या मागे टेकली की मग तोंड उघडायचा. बारा वर्षांत ती एकदाही जमिनीवर पडली नाही. पुढे पुढे तर नुसता स्टुलाचा आवाज आला तरी तिला हसू फुटायचं, आणि विनोद सुरू व्हायच्या आधीच ती खाली बसलेली असायची.

शेवटच्या दिवशी सकाळी तो चहा पिताना म्हणाला, "ऐक. एक गिऱ्हाईक शिंप्याकडे येतं. म्हणतं, कोट शिवा, पण तीन बाह्यांचा. शिंपी दोन्ही हातांचं माप घेतो, आणि विचारतो, साहेब, तिसरी बाही कुणाच्या मापानं कापू? तर गिऱ्हाईक म्हणतं..." इथं त्यानं सवयीनं मागे हात नेला. स्टूल नव्हतं. पुढे नणंद त्यावर बसून हिशोब करत होती. "राहू दे. पडशील. संध्याकाळी सांगतो."

तो अस्तराचं कापड आणायला गेला आणि बस थांब्यावरच कोसळला. हृदय बंद पडलं. संध्याकाळी दुकानात खूप माणसं होती आणि स्टुलावर कुणीच बसलं नव्हतं.

त्यानंतर ती पडायला लागली. हसून नव्हे, हसणं कुठलं आता, पण रडूनही गुडघे तसेच जायचे. आणि मग महिन्याभरानं, एका दुपारी मशीनवर डोळे मिटत असताना, तिला मागून आवाज आला. खर्रर्र.

तिला मान वळवता येईना. बोटही हलेना. खडूचा आणि ओल्या लोकरीवर फिरलेल्या इस्त्रीचा वास आला, त्याच्या अंगाचा, आणि मानेमागे अगदी हलक्या आवाजात तो सांगायला लागला. "एक गिऱ्हाईक शिंप्याकडे येतं..." कोट, तीन बाह्या, माप. "तर गिऱ्हाईक म्हणतं..." आणि तिचे डोळे उघडले. खोलीत कुणी नव्हतं. स्टूल पुढे नणंदेखालीच होतं.

असं आठवड्यातून दोनतीनदा होऊ लागलं. दर वेळी तेवढंच, दर वेळी तिथंच तुटायचं. ती भ्यायली का? पहिल्यांदा भ्यायली. नंतर ती दुपारची वाट बघायला लागली, केस विंचरून बसायला लागली.

तिच्या मनगटावर इस्त्रीचा चटका बसला तेव्हा नणंदेनं तिला धरून झोपेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथं एक रात्र डोक्याला वायरी लावून झोपवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुन्हा झोपवून बघितलं, आणि आजाराला पहिल्यांदा नाव मिळालं. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. समजावून सांगत. "झोप आणि जाग यांच्यामधलं तुमचं दार नीट लागत नाही. त्यामुळे स्वप्न जागेपणी आत येतं. माणसं दिसतात, आवाज येतात, अंग हलत नाही. कधी कधी तुम्ही झोपलेल्या असता आणि हात मात्र काम करत राहतात."

"ते दार थोडंसं उघडं नाही का ठेवता येणार?" तिनं विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या, मग तिच्याकडे बघून हसायच्या थांबल्या.

उपचार एकामागून एक झाले. आधी गजर लावून दिवसातून दोनदा वीस मिनिटांची झोप. ती तिला फार आवडली, कारण त्यात तो हटकून यायचा. दिवसाच्या डुलक्या मात्र काही थांबल्या नाहीत. मग सकाळची जाग आणणारी गोळी आली. तिनं जाग आणली खरी, पण छाती धडधडायची, तोंडाला कोरड पडायची, आणि जेवण बघून नको व्हायचं. मग पडणं थांबवणारी दुसरी गोळी. पडणं कमी झालं, पण दिवस कसे पाण्यात बुडवून काढल्यासारखे फिके झाले. शेवटी आलं रात्रीचं खारट औषध. एक डोस अंथरुणात बसून, दुसरा चार तासांनी गजर लावून. रात्री झोप इतकी गाढ लागेल की दिवसा गळणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि झालंही तसंच. पहिल्या आठ दिवसांत ती मशीनवर एकदाही पेंगली नाही. शाळेत असल्यापासून असं झालं नव्हतं.

आणि आठ दिवसांत तो एकदाही आला नाही. नवव्या रात्री तिनं दुसऱ्या डोसाचा गजर लावलाच नाही. कुणालाही न सांगता.

पुढचं अर्थातच व्हायचं तेच झालं. एका दुपारी ती मशीनवर जागी झाली तेव्हा समोर एका साहेबांच्या राखाडी कोटाच्या बाह्या शिवून पडल्या होत्या. तीन. याआधी तिनं झोपेत खिसे शिवून बंद केले होते, पाचाच्या जागी अकरा काजं केली होती, पण तिसऱ्या बाहीचं हे कापड तर पाठीसाठी ठेवलेलं होतं. ते कात्रीनं कापलं होतं, अस्तर लावलं होतं, टीप सरळ घातली होती.

नणंद आत आली. तिनं गळ्यातली टेप काढली आणि बाह्या मोजल्या. दोन भरल्या साडेबावीस इंच. तिसरी पावणेचोवीस. तिनं ती पुन्हा मोजली.

"हे दादाचं माप आहे," ती म्हणाली.

"हो."

"वहिनी, कात्री हातात घेऊन झोपली होतीस तू. औषध घेतेस ना? पूर्ण?"

तिला खोटं बोलता येईना. "ते येतात, ताई. दुपारी. स्टूल ओढत येतात आणि विनोद सांगतात... शेवटाला आले की मी जागी होते."

"कुठला विनोद?"

"तीन बाह्यांचा."

नणंदेनं टेप पुन्हा गळ्यात घातली. "मला नाही सांगितला कधी," ती म्हणाली. "हे बघ. इथं गरम इस्त्री असते. कात्री असते. तो गेला. उद्या तुलाही अशीच उचलून न्यायची का मी? आणि मग या दुकानात भिंतींशी बोलू? औषध पूर्ण घे, नाहीतर मशीनला हात लावू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

तिनं शब्द दिला. बाही मात्र टाकू दिली नाही. इस्त्रीच्या टेबलाच्या वर भिंतीला एक खिळा होता, त्याला टांगून ठेवली.

सहा आठवडे तिनं दोन्ही डोस घेतले, एकही न चुकवता. दुपारी टक्क जागी. काम झपाझप उरकायचं, गिऱ्हाइकं खूश, नणंद खूश. डॉक्टरीणबाईंनी तर वहीत मोठी बरोबरची खूण केली. फक्त दुपारी अडीच ते चार ती वेळ खायला उठायची. इतकी वर्षं ज्या जागेपणासाठी तिनं जीव टाकला, तो मिळाला होता आणि त्यात तो नव्हता. तिला त्याची इतकी आठवण यायची की टाके दिसेनासे व्हायचे. विनोदाचा शेवट तिनं स्वतः जुळवून पाहिला, शंभर तऱ्हांनी, पण एकाही शेवटाला गुडघे ढिले पडले नाहीत.

त्यातच पुढच्या बाजूला नणंद दिवसातून दहादा स्टूल ओढायची. दर वेळी खर्रर्र, दर वेळी हिचं काळीज उडी मारून परत खाली. ते काही सोसेना. म्हणून ती सुताराकडे गेली होती.

तर ती स्टूल घेऊन परतली आणि गल्ल्यामागे ठेवलं. नणंदेनं ते ओढून बघितलं. मुकं.

"बरं केलंस," नणंद म्हणाली, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ती मागच्या खोलीत आली. पावणेतीन. इस्त्री तापत टाकली आणि एका कोटाची पाठ टेबलावर पसरली. वरच्या झरोक्यातून ऊन थेट टेबलावर पडलं होतं. रस्त्यावरची गाडी अजून धुतली जात होती, पाण्याचा आवाज येत होता. मग तो येईनासा झाला.

खडूचा वास आला. ओल्या लोकरीचा.

जाग आहे की झोप हे ओळखायची एक युक्ती डॉक्टरीणबाईंनी शिकवली होती. आकडे वाचायचे, नजर वळवायची, पुन्हा वाचायचे. झोपेत ते बदलतात. तिनं टेप उचलली. बावीस, तेवीस, चोवीस. भिंतीकडे बघितलं. पुन्हा टेपेकडे. बावीस, तेवीस, चोवीस. तिनं बोटं हलवली. हलली. मान वळली असती, पण तिनं ती वळवली नाही.

खर्रर्र.

दारापासून सुरू होऊन, सावकाश, तिच्या दिशेनं.

"वहिनी," नणंद पुढून ओरडली, "उचलून ठेव ना गं, ओढतेस काय! आत्ताच तर बूट घातलेस..."

तिनं टेप खाली ठेवली. मग नणंदेचा आवाज पुन्हा आला, पण आता खूप बारीक.

"वहिनी... स्टूल तू कधी नेलंस? मी जरा दाराशी गेले तेवढ्यात..."

गुडघ्यांच्या मागे लाकडाची कड टेकली. हलकेच, नेहमी टेकायची तशी.

नणंदेला शब्द दिला होता. तिनं आधी इस्त्री बंद केली, उभी करून ठेवली. कात्री हाताच्या अंतरापलीकडे सरकवली. नजर वर गेली तेव्हा भिंतीवर नुसता खिळा होता, बाही नव्हती.

दाराशी नणंद येऊन उभी राहिली होती, तोंडावर हात ठेवून. ती हिच्याकडे बघत नव्हती. हिच्या खांद्याच्या जरा मागे, जरा वर बघत होती.

"अहो," मान न वळवता ही अगदी हळू म्हणाली, "आता स्टूल आहे... सांगा."

अजून काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि हिचे गुडघे ढिले पडायला लागले होते.