उत्रोलीला पोचायला उशीर

वेल्ह्याची एस्टी डोळ्यांदेखत निघून गेली, तेव्हा बना चेलाडी फाट्यावर एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात चपला घेऊन उभी होती. श्रावणातली एक सर आत्ताच येऊन गेली होती. पदर ओला, पाय चिखलात, आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात. विंझरच्या शाळेत ती नवी बाई होती. नव्या बाईनंच सोमवारी उशिरा पोचायचं म्हणजे...

तेवढ्यात मागून केवढा तरी आवाज आला. ट्रक आला समजून ती बाजूला सरली. पण आवाज काही जवळ येईना! तिनं वळून पाहिलं. वडाखाली एक लांबलचक, काळी, जुनी मोटार उभी होती. इंजिन वाघासारखं डरकाळत होतं, आणि चाकं मात्र जागच्या जागी. आत एक तरुण ड्रायव्हर शांत बसला होता. कपाळावर ओले केस, ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"बिघडली का?" बनानं विचारलं.

"न्हाई. इचार करतीया."

"कसला?"

"तुमाला घ्यावं का न्हाई, त्याचा."

बनाला राग यायला हवा होता. आलं ते हसू. ते लपवायला तिनं मान फिरवली, आणि नेमकं त्याच वेळी मोटारीनं एक गचका देऊन पाऊल उचललं.

"बगा! तुमी हसला आन् तिचा इचार झाला. बसा लौकर, पुन्हा बदलंल."

मागच्या सीटवर आधीच एक म्हातारी बसली होती. मार्गासनीची भागूबाई, मांडीवर कोंबडी घेऊन. बना तिच्या शेजारी बसली. ड्रायव्हरचं नाव हैबती.

ही मोटार अमेरिकेतून आलेली. भोरचं संस्थान विलीन झालं त्या सुमारास एका सरदारांनी ती विकली आणि कोळशाचे ठेकेदार गेनबाशेठ यांनी हौसेनं घेतली. हौस लवकरच फिटली, कारण गाडी भोरातल्या दुसऱ्या कुठल्याच गाडीसारखी नव्हती. तिला क्लच नव्हता. गिअर ती आपला आपण बदलायची. नवी होती तोवर लोण्यासारखी चालायची म्हणे. आता तिचं वय झालं होतं. थंड असली की गुणाची. तापली की पुढचा गिअर सुटायचा, इंजिन नुसतंच ओरडत राहायचं. पुण्याच्या मिस्त्र्यांनी हात जोडले होते. गिअरचा हा आपोआप चालणारा डबा काढून टाका, ट्रकचा साधा गिअर बसवा, असं सगळ्यांचं मत. शेठ तयारही होते. अडून बसला होता तो हैबती. शेठच्या ट्रकवर क्लीनर म्हणून आला, ड्रायव्हर झाला, आणि या मोटारीच्या प्रेमात पडला. शेठनं वैतागून ती त्याच्याच हवाली केली – चालंल तोवर भाडं मार.

आंबवण्याच्या पुढं चढ लागला आणि मोटार दमली. हैबतीनं गिअरची दांडी इकडं ओढली, तिकडं ढकलली. गाडी हळूहळू उताराला लागली.

"आता गं बया!" भागूबाईनं कोंबडी छातीशी धरली.

"भिऊ नगासा आजी. फुडं जायला नगं म्हंतीया, पर मागं जायला तिची ना न्हाई."

त्यानं खाली सपाटीवर गाडी वळवली, तिची पाठ चढाकडं केली आणि मागचा गिअर टाकला. काय नवल! मोटार निमूटपणे उलटी चढायला लागली. हैबती सीटच्या पाठीवर हात टाकून पूर्ण वळून बसला. मागचा रस्ता दिसायला हवा ना! पण रस्ता आणि तो, यांच्यामध्ये बना होती.

"बाई, जरा डावीकडं सरता का? वळण दिसंना."

ती सरली.

"आता?"

"आता वळण दिसतंय... पर निम्मं."

"आणि उरलेलं निम्मं?"

"तिथं तुमी दिसताय."

बनानं घाईघाईनं खिडकीबाहेर पाहिलं. भाताची खाचरं, बांधावरचे बगळे, आणि सगळं उलट्या दिशेनं जाणारं... कानाच्या पाळ्या का तापल्या होत्या, कोण जाणे.

"मेल्या, तुझं ध्यान कुटं हाय?" भागूबाई ओरडली.

"रस्त्यावर हाय आजी. रस्ताच आज बरा हाय!"

त्यानंतर बनाची एस्टी बऱ्याचदा चुकायला लागली. आधी खरंच चुकायची. मग ती चुकवायची.

शनिवारी शाळा सुटली की ती उत्रोलीला घरी यायची, सोमवारी परत. विंझरच्या नाक्यावर मोटार उभी दिसली की तिची पावलं आपोआप भरभर पडायची. वाटेत गाडी तापायची, हैबती सावली बघून थांबवायचा. इतर उतारू कुरकुरायचे, विड्या ओढायचे. बना मात्र उतरून त्याच्याजवळ जायची. तो बॉनेटखाली नळीतून गिअरच्या डब्यात पातळ तेल ओतायचा आणि ती नरसाळं धरायची. तेल खाली थेंबथेंब गळून जायचं, त्याला जळका वास यायचा. आत काहीतरी झिजत चाललं आहे, हे तिलासुद्धा कळत होतं.

"शेठ म्हंत्यात तसं का करत नाहीस?" एकदा तिनं विचारलं. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. "साधा गिअर बसव की."

"मग ती काय मोटार ऱ्हाईल? ट्रकच की तो." तो हात पुसत बसला. "बना, माझा बा बिरू, मेंढरामागं चालतो. आजा चालला. म्या बी धा वर्साचा हुईस्तवर चाललो. वेल्ह्याच्या बाजारात आमी आलो की लोक म्हनायचं, धनगरं आली, सरा बाजूला. या गाडीत बसून पयल्यांदा वेल्ह्यात गेलो ना... सगळी उटून हुबी ऱ्हायली."

"कुणासाठी? गाडीसाठीच ना?"

तिच्या पदराला तेलाचा डाग पडला होता. हैबती तो आपल्या रुमालानं पुसायला गेला, आणि मधेच थांबला. हात तसाच राहिला. पुसला तिनंच, त्याच्या हातातला रुमाल घेऊन. रुमाल परत दिला नाही. त्यानंही मागितला नाही.

बोलायचं मात्र दोघांकडूनही राहून गेलं. दर वेळी वाटायचं – पुढच्या सोमवारी.

दिवाळी झाली, भातं कापून झाली, आणि बनाच्या वडलांनी, आनंदरावांनी, कामथडीचं एक स्थळ पाहिलं. घर खातंपितं, मुलगा शिकलेला. रविवारी दुपारी पाहुणे येणार. पसंत पडली तर तिथंच सुपारी फोडायची.

शनिवारी मोटारीत बना मुद्दाम शेवटपर्यंत बसून राहिली. भोरला बाकीचे उतरले. उत्रोलीच्या वाटेवर ती म्हणाली,

"उद्या बघायला येणार हायेत मला."

मोटार व्यवस्थित चालली होती. तरी हैबतीनं ती थांबवली.

"तू काय म्हनलीस?"

"मला कुणी इचारलंच न्हाई. पर आईला म्या सांगितलंय – दुपारच्या आत एकजण येनार हाय, त्याचं ऐकल्याबिगर बा नं सबूद देऊ ने." तिचा आवाज कापला. "येशील का रं?"

"तुजा बा धनगराच्या पोराला दारात हुबा करंल?"

"काठी बी उगारंल. पर तू आलास तर म्या तुज्या बाजूला हुबी ऱ्हाईन. तू न्हाई आलास तर... कुनाच्या बाजूला हुबी ऱ्हाऊ?"

"येतो," हैबती म्हणाला. मग जरा हसून, "मोटार धुऊन, पुसून, झकास घेऊन येतो. बघ तुज्या गावानं कंदी बघितली नसंल अशी."

रात्रीच तो वेल्ह्याकडं गेला. बापाला सांगायचं होतं. सकाळी बिरूनं नुसतं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "जा. पर खाली मान घालून बोल, लेकरा."

उन्हं कोवळी होती तेव्हा हैबती निघाला. नवा सदरा, काचेसारखी पुसलेली मोटार. कापूरहोळला भोरचा रस्ता धरला, थोडं पुढं आला, आणि आतून काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. मग नुसतंच इंजिन. पुढचा गिअर नाही. मागचाही नाही. गाडीखाली तेलाचं थारोळं.

दुपारला अजून अवकाश होता. तिथून उत्रोली काही पायांनी न गाठण्यासारखी नव्हती. मेंढरामागं तो याच्या दुप्पट चालला होता. पण तो चालला नाही. सदरा काढून ठेवला आणि गाडीखाली शिरला.

भोरची एस्टी आली. ओळखीच्या कंडक्टरनं दारातून हाक मारली, "हैबती, येतोस का? जागा हाय!"

हैबतीनं गाडीखालून मान काढली. आनंदरावांच्या दारात एस्टीतून उतरून, धुळीच्या पायांनी उभा राहिलेला तो त्याला डोळ्यांपुढं दिसला. मेंढक्याचं पोर.

"व्हा तुमी फुडं. आत्ता सुरू हुतीया."

एस्टी गेली. मोटार सुरू झाली नाही.

इकडं उत्रोलीत पाहुणे आले. बनाच्या आईनं, ठकुबाईनं, आधी पाणी दिलं, मग चहा दिला. पोहे मुद्दाम सावकाश केले. पुन्हा चहा ठेवला. आनंदराव दोनदा आत येऊन डोळे वटारून गेले. बना मागच्या दारात उभी राहून भोरच्या वाटेकडं बघत होती. बैलगाडी आली, सायकल आली, एस्टीतून उतरलेली चार माणसं आली. त्यांत तो नव्हता.

"पोरी," ठकुबाई हलकेच म्हणाली, "कुनी आलं न्हाई गं."

"थोडं थांब, आई."

"आनी किती थांबवू?"

शेवटी आनंदरावांनी हाक मारली. चारचौघांत विचारलं, "बने, तुझं काई म्हननं न्हाई ना?" हे विचारलं, हेच खूप होतं. कामथडीचा मुलगाही मान वर करून तिच्याकडं बघत होता. तिला काही बोलायचं असेल तर बोलू द्यावं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. बना उंबऱ्याशी उभी होती. नाही म्हणायला एकच नाव लागत होतं, आणि त्या नावाचा माणूस आला नव्हता. शनिवारी तो हसला होता, ते तिला आठवलं. ते हसणं विषय टाळण्यापुरतं होतं का? ती थट्टाच होती का सगळी?

तिनं मान हलवली. सुपारी फुटली.

पाहुण्यांच्या गाड्या निघून गेल्या, उन्हं उतरली, आणि खळ्याच्या बाजूनं हैबती आला. चालत. नवा सदरा खांद्यावर, अंगातला बनियन तेलानं काळा, हातांची सालं गेलेली. बना खळ्यावर गवताच्या भाऱ्याला टेकून बसली होती. त्याला पाहून ती उठली नाही.

"गाडीचा डबा फुटला," तो म्हणाला. "लई केलं बना... देवाशपथ लई केलं."

"कुठं?"

"कापूरहोळच्या फुडं. सकाळीच."

"सकाळी?" आता ती उठली. "सकाळी कापूरहोळला हुतास तू? आन् एस्टी?"

हैबती खाली बघत राहिला. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण त्यानं सगळं सांगितलं. कंडक्टरनं हाक मारली तेसुद्धा.

तिनं त्याच्या सालं गेलेल्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाली, "चालत का न्हाई आलास रं?"

"तुजा बा म्हनला असता, मेंढक्याचं पोर पायी आलं मागनी घालायला."

"बा काय म्हनला असता ते बा नं म्हनलं असतं! म्या... म्या तर वाटंवर बघत हुते, तू चालत येतोस का ते. मोटारीचा आवाज ऐकत न्हवते म्या." तिनं डोळे पुसले. "चिखलानं भरलेला आला असतास तरी पाय धुवायला पानी म्याच दिलं असतं. समद्यांच्या म्होरं."

"अजून..." तो एक पाऊल पुढं आला. "अजून बोललो तर? आत्ता जातो तुज्या बाकडं."

"सुपारी फुटली."

"तू हो म्हनलीस?"

"म्हनले." मग फार हळू आवाजात, "म्या बी एक घटका आणखी थांबायला पायजे हुतं. बा नं इचारलं हुतं मला. म्या मान हलवली. तुज्या एकट्याचा न्हाई उशीर झाला, हैबती."

"मानूस कसा हाय?"

"चांगला हाय."

हैबतीनं मान हलवली. वाईट असता तर काही करता आलं असतं, असं दोघांनाही एकदमच वाटलं असावं. कारण दोघांनीही एकाच वेळी दुसरीकडं पाहिलं.

घरातून ठकुबाईची हाक आली. बनानं ओ दिली, पण हलली नाही.

"आता सांगू का?" हैबती म्हणाला.

"काय?"

"इतके सोमवार जे ऱ्हाईलं ते. आता काय उपेग न्हाई, पर... सांगू?"

ती हसली. डोळे भरलेले, तरी फाट्यावरच्या त्या सकाळपेक्षा कितीतरी गोड. "सांग. ऐकल्याबिगर न्हाई जायची म्या आत."

त्यानं काळे झालेले हात पाठीमागं लपवले, एखाद्या पोरासारखे. आणि सांगितलं. चारच शब्द होते. तिनं ते डोळे मिटून ऐकले, एकदा मान हलवली – दुपारी हलवली होती तशी नव्हे – आणि पदर सावरून घराकडं चालू लागली. उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही. तो मात्र तिथंच उभा होता, दिवा लागेपर्यंत.