भिंतीकडची कूस

व्यंकटी सकाळच्या एसटीनं मुखेडहून निघाला, तो अक्कासाठी जागा बघायला.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, सुभद्राबाई. आई गेली तेव्हा व्यंकटी रांगत होता. अक्कानंच त्याला वाढवलं. पुढं तिचा नवरा वारला आणि ती भावाकडं आली. मग व्यंकटीची बायको गेली. लेकरूबाळ नव्हतं. घरात दोघंच उरली. पोळ्याच्या सुमाराला अक्काच्या अंगावरून वारं गेलं. डावं अंग गेलं ते गेलंच. जीभ जड झाली. एकच शब्द नीट निघायचा, व्यंकू. तहान लागली, व्यंकू. दुखतंय, व्यंकू. उजाडलं, तरी व्यंकू. त्याला व्यंकू म्हणणारं जगात दुसरं कोणी राहिलं नव्हतं.

डॉक्टरनं बजावलं होतं, हिला सारखी कुशीवर वळवत राहा, नाहीतर पाठ सडेल. व्यंकटीनं उभा जन्म धान्याच्या मोंढ्यात हमाली केली होती. भरलं पोतं पाठीवर घेऊन तो थप्पीवर चढायचा आणि वर उभा राहून खालच्यांना शिव्या द्यायचा. पण पोतं उचलणं वेगळं आणि जितं माणूस वळवणं वेगळं. त्यात आता त्याचीच कंबर धरली होती. उन्हाळा लागला आणि अक्काच्या माकडहाडावरची कातडी लाल झाली. मग फुटली. त्या दिवशी व्यंकटी जेवला नाही.

शेजारच्या सत्यशीलेनं सांगितलं की अहमदपूरच्या अलीकडं, फाट्यावर, म्हाताऱ्यांचं शुश्रूषागृह आहे. अंथरुणाला खिळलेलेही ठेवून घेतात. बघून तर या, तोवर मी बसते अक्काजवळ. व्यंकटीला पटलं नव्हतं. बहिणीला परक्याच्या दारात टाकणारा म्हणून गाव तोंडावर बोलणार नाही, पण मागं बोलेल, हे तो जाणून होता. तरी निघाला. जखम काही मानपान बघून थांबत नाही.

फाट्यावर उतरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रस्त्याला कुत्रंसुद्धा नव्हतं. आत माळाला लागून एकमजली इमारत होती. पाटीवरचं नाव उन्हानं उडून गेलेलं. पदराला हात पुसत एक बाई बाहेर आली. तिचं नाव शीला. सैपाक, झाडलोट, औषधपाणी सगळं तिच्या एकटीवर होतं. मालक लातूरला असायचे.

तिनं टीव्ही दाखवला, पाण्याचं मशीन दाखवलं, दसऱ्याला काढलेले फोटो दाखवले. व्यंकटीनं तिकडं बघितलं नाही. मोंढ्यात पोत्याचं तोंड उघडून वरचा माल कोणीही दाखवतो. जाणता माणूस पोतं उलटं करतो आणि भुईला टेकलेली बाजू बघतो. ओल तिथं धरते.

"पाठी दाखव," तो म्हणाला.

शीला थोडी गडबडली. मग आत घेऊन गेली.

एकच लांब खोली होती. अलीकडं बाया, पलीकडं बाप्ये, मधे हिरवा पडदा. उन्हाच्या झळा येऊ नयेत म्हणून खिडक्यांना पोती लावलेली. बाहेर एवढं ऊन आणि आत तिन्हीसांजेचा अंधार. फिनाइलचा वास आणि अंगाला लावायच्या पावडरीचा वास. एक कूलर खडखडत होता. सगळी म्हातारी माणसं भिंतीकडं तोंड करून निजली होती. बायाही आणि बाप्येही.

शीलानं एकेका बाप्याचा सदरा वर केला. व्यंकटी वाकून बघत गेला. वर्षानुवर्षं पडून असलेली माणसं, पण पाठी कोऱ्या. ना डाग, ना फोड. चादरीला एक सुरकुती नाही. त्याचं मन हललं. त्यानं विचारलं, एवढ्यांना वळवतं कोण?

"होतं काका," शीला म्हणाली.

"होतं म्हंजी? कोण करतं?"

तिनं सदरा खाली ओढला. "मी पाहत न्हाई. पाहिलं तर मला ही नोकरी सोडावी लागंल."

कोपऱ्यातल्या खाटेवर मात्र एक जण छताकडं बघत उताणा पडला होता. किशनराव, एसटीतला जुना कंडक्टर. त्याच्याजवळ जाताच वास आला. त्याची पाठ व्यंकटीला फार वेळ बघवली नाही. शीला म्हणाली, हे कोणाला हातच लावू देत नाहीत. किशनराव नुसता व्यंकटीकडं बघत राहिला.

मग शीला म्हणाली की आता परतीची गाडी ऊन उतरल्यावरच आहे, बसा आतच, बाहेर लू चालली आहे. पडद्याजवळची एक रिकामी खाट तिनं दाखवली. हीच अक्कांना देऊ. आणि ती स्वतः बाहेरच्या ओसरीत जाऊन लवंडली.

शेजारच्या खाटेवर रहमतबी होती. औशाची. पाय गेलेले, जीभ शाबूत. तिचा मुलगा मुज्तबा उदगीरला गॅरेज चालवतो आणि दर शुक्रवारी न चुकता येतो, हे शीलानं येतानाच सांगितलं होतं. भिंतीकडं तोंड ठेवूनच रहमतबीनं विचारलं, कुठून आला भाऊ? मुखेड म्हटल्यावर म्हणाली, तिथलं पाणी खारं. मग औशाच्या किल्ल्याची भिंत, बाजारातलं बापाचं बांगड्यांचं दुकान, दारातलं चिंचेचं झाड, सगळं तिनं नीट सांगितलं. म्हातारचळ कुठं दिसेना. व्यंकटीनं हळूच विचारलं, इथं वळवायला कोण येतं?

"येते एक. दुपारी येते, रातीला येते. लई हलका हात हाय."

"कशी दिसते?"

"तोंड दिसंल कसं? ती आली की आपण भिंतीकडं." ती हसली. "तिनं एकडाव कुशीवर केलं की मग कुणाची वाट पाहावी वाटत न्हाई, भाऊ. लई सुख हाय."

व्यंकटी म्हणाला, तुमचा मुलगा तर येतो म्हणे.

"शुक्करवारी एक माणूस येतो. खजूर आणतो. अम्मी अम्मी करतो, माझ्या हातावर डोळे टेकून रडतो. गुणी लेकरू हाय." ती थांबली. "कुणाचं हाय, कुणास ठाऊक."

कूलर खडखडत होता. 

पडद्यापलीकडून आवाज आला. किशनराव बोलत होता.

"पाव्हणं, बहिणीला हितं आणू नका. मला माझ्या साऱ्या लेकींची नावं याद हायेत, नातवांची बी. येत कुणी न्हाई, पण याद हायेत. जन्मभर बिगर तिकिटाचं कुणाला गाडीत चढू दिलं न्हाई म्या. ही बाई बी बिगर तिकिटाची. पहिल्याच दिशी म्हणलं, हात लावू नको. तवापासून लावत न्हाई."

"आणि पाठ?"

"पाठ सडून राहिली. सडू द्या."

व्यंकटीनं तिथंच ठरवलं. अक्काला इथं आणायचं नाही. पाठीला फोड आले तर त्यांवर औषध आहे. पण अक्काच्या तोंडातून व्यंकू गेला, तर मग तिच्या उशाशी बसणारा तो कोण? तो पिशवी उचलायला वाकला आणि कमरेत उसण भरली. अशी भरली की डोळ्यांपुढं काजवे आले. उभं राहता येईना, बसता येईना. नाइलाजानं तो त्या रिकाम्या खाटेवर आडवा झाला. दाराकडं तोंड करून. जरा दम घेऊ, मग निघू.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर खडखडत खडखडत थांबला आणि खोलीत शांतता झाली. श्वास तेवढे ऐकू येत होते. मग पावडरीचा वास एकदम दाट झाला.

दाराजवळच्या पहिल्या खाटेवरच्या म्हातारीचा खांदा उचलला गेला.

मग कंबर. कोणीतरी दोन्ही हात घालून सावकाश वळवावं, तशी ती उताणी झाली, मग दुसऱ्या अंगावर, मग पुन्हा भिंतीकडं वळली. तिचं घोरणं मोडलं नाही. पाठीमागची चादर ताणली गेली. तिची कड गादीखाली दुमडली गेली. खाटेजवळ कोणी नव्हतं.

मग दुसरी खाट. खांदा, कंबर, चादर. मग तिसरी. घाई नव्हती. काम जाणणाऱ्या माणसाला घाई नसते. व्यंकटीनं उठायचा जोर केला. कंबर हलली नाही. त्यानं शीलाला हाक मारली, पण ओसरीतून कोणी आलं नाही... रहमतबीची खाट करकरली. ती वळताना सुस्कारली, पोटभर दूध प्यालेलं लेकरू सुस्कारतं तशी.

आता मधे काही उरलं नव्हतं.

"पाव्हणं..." पडद्यापलीकडून किशनराव कुजबुजला. "न्हाई म्हणा. नुसतं न्हाई म्हणा..."

व्यंकटीनं तोंड उघडलं. आयुष्यभर तो न्हाईच म्हणत आला होता. सोयऱ्यांना म्हटलं, दुसरं लगीन कर म्हणणाऱ्यांना म्हटलं, मदतीला येतो म्हणणाऱ्या शेजाऱ्यांनाही म्हटलं. तो शब्द त्याच्या ओठांवरच असायचा.

एक हात त्याच्या खांद्याखाली आला. दुसरा कमरेखाली, नेमका दुखत होतं तिथं. हात गार नव्हते. गार असते तर तो ओरडला असता. ते हात ऊबदार होते. बायको गेल्यापासून त्याच्या अंगाला मायेनं कोणी हात लावला नव्हता. तो सगळ्यांना उचलत आला होता. त्याला कोणी उचललं नव्हतं.

"म्हणा ना..." किशनराव म्हणाला.

व्यंकटी बोलला नाही. त्यानं डोळे मिटले. भिंत हळूच त्याच्या तोंडासमोर आली.

जाग आली तेव्हा पोत्यांच्या फटीतून पिवळं ऊन येत होतं आणि कूलर खडखडत होता. त्याच्या पाठीमागं चादरीची कड नीट खोचलेली होती. तो उठला. कंबर दुखत नव्हती. तरणेपणी उठायचा तसा तो सरळ उभा राहिला. जाताना त्यानं पडदा सारून बघितलं. कोपऱ्यातल्या माणसानं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दारात शीलानं विचारलं, मग कधी आणता बहिणीला?

"आणत न्हाई," तो म्हणाला. हे आपण ठरवलं होतं, एवढं त्याला पक्कं आठवत होतं.

गाडीत जागा होती तरी तो उभाच राहिला. अंग पिसासारखं हलकं झालं होतं. मुखेड आलं, मोंढ्याची कमान आली, आपली गल्ली, आपलं दार. सगळं जागच्या जागी होतं. आत एक बाई बसली होती. त्याला बघून ती उठली, म्हणाली, दुधात भाकरी कुस्करून चारली आहे, दिवसभर तुमचंच नाव घेत होत्या, आणि जागा कशी वाटली? तो म्हणाला, बरी नाही. ती पदर सावरून शेजारच्या घरात गेली.

खाटेवर एक म्हातारी उताणी पडली होती. डाव्या अंगात जीव नव्हता. तिची पाठ दुखत असणार, हे त्याला बघताच कळलं. त्यानं एक हात तिच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि तिला अलगद भिंतीकडं वळवलं. काही जोर लागला नाही. चादर ताणून कड खोचली. म्हातारीनं सुस्कारा सोडला. मग मान वळवायची धडपड करत म्हणाली,

"व्यंकू... व्यंकू..."

त्यानं मागं दाराकडं पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"येईल हं बाई," तो मायेनं म्हणाला. "तुमचा व्यंकू येईल. निजा तुम्ही."

आणि तो उंबऱ्यावर जाऊन बसला, गल्लीच्या तोंडाकडं बघत. कोण हा व्यंकू, आपलं माणूस असं परक्याच्या घरात टाकून जातो? येऊ दे. आला म्हणजे त्याला चार शब्द सुनवायचे आणि म्हातारीला घेऊन जा म्हणायचं.

दिवे लागले, तरी तो आला नाही.