शेजारची खुर्ची

जुन्या बाजारातल्या त्या पितळी कुलपावर दोन हात एकदमच पडले. एक तिचा होता. दुसरा कोणाचा ते तिने लगेच पाहिलं नाही, कारण कुलूप सोडायची तिची तयारी नव्हती.

"किल्ली नाही हं त्याची," दुकानदाराने आधीच सांगून टाकलं. "नंतर भांडायला येऊ नका."

"नकोच आहे किल्ली," ती म्हणाली.

"मलाही नको," दुसऱ्या हाताचा मालक म्हणाला.

मग मात्र दोघांनी मान वर केली. भुरभुर पाऊस होता. दुकानावर ताणलेल्या प्लास्टिकवरून पाणी ओघळत होतं आणि चष्म्यावर थेंब उडालेला एक तरुण तिच्याकडे बघत होता, परक्या मुलखात आपली भाषा ऐकू आल्यासारखा. किल्ली नसलेलं कुलूप मुद्दाम विकत घेणारी माणसं रोज थोडीच भेटतात?

"तुम्हीसुद्धा?" त्याने विचारलं.

"किल्लीशिवाय उघडायला आत्ताच सुरुवात केलीय. व्हिडिओ बघून बघून."

"मग तुम्हीच घ्या. मी नुसता हलवून बघत होतो. आतली स्प्रिंग कशी वाजते ते."

"वाजते?"

त्याने कुलूप तिच्या कानाशी नेलं आणि हलकेच हलवलं. तिला पाऊस ऐकू आला, दुकानदाराचा सुस्कारा ऐकू आला आणि स्वतःच्या छातीतली धडधडही. स्प्रिंग काही ऐकू आली नाही.

"ऐकलंत?"

"हो... स्पष्ट," ती चक्क खोटं बोलली. आयुष्य मोजमापात घालवणाऱ्या मुलीला हे शोभणारं नव्हतं.

ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रंग पालटेपर्यंत थेंब थेंब सोडणं, नेमक्या थेंबाला थांबणं, हे तिचं रोजचं काम. तो कमी ऐकू येणाऱ्यांना कानाची मशीनं बसवून द्यायचा. त्यानेच तिला रविवारच्या बैठकीचा पत्ता दिला.

बैठक म्हणजे फोटोंच्या चौकटी बनवणाऱ्या काकांच्या दुकानावरची खोली. अरुंद जिना, लाकडाच्या भुशाचा वास, दोन लांब टेबलं, आणि रविवारी दुपारी तिथे जमणारी कुलूपवेडी मंडळी. काका त्यांच्यातले सगळ्यात जुने वेडे. नवीन माणसाला ते आधी नियम ऐकवायचे.

"आपलं नसेल ते कुलूप उघडायचं नाही. आपलं असलं तरी वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही. कुणाच्या घरात जायचं असेल तर बेल वाजवायची. काय?"

"बेल वाजवायची," ती शहाण्या मुलीसारखी म्हणाली.

"हुशार आहे. कानवाल्या, तुझ्या शेजारी बसव हिला."

अशी ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली, आणि तिथेच सगळं बिनसलं.

तसं पाहिलं तर कुलूप साधं असतं. पोटात एका रांगेत छोट्या पिना, प्रत्येकीवर एक स्प्रिंग. किल्ली त्या सगळ्यांना आपापल्या नेमक्या उंचीवर उचलते. किल्ली नसली की एका हाताने वाकडी पट्टी घालून किंचित ताण द्यायचा आणि दुसऱ्या हातातल्या बारीक आकड्याने पिना चाचपायच्या. ताणामुळे एखादी पिन बाकीच्यांपेक्षा अडून बसलेली लागते. तिला हळूच उचलायचं, बोटाला 'टिक' जाणवतं, मग पुढची अडते. सगळी कला त्या ताणात. कमी झाला तर लागलेल्या पिना पडतात, जास्त झाला तर सगळ्याच अडतात आणि काहीच कळत नाही.

"गळा धरल्यासारखी पट्टी धरू नका हो," तो म्हणायचा. "नख पांढरं पडलं की समजायचं, जास्त झालं."

तो तिच्या नखाकडे बघायचा. आणि तो बघतोय हे कळलं, की नख आणखी पांढरं पडायचं.

घरी मात्र गंमत वेगळी होती. घरी ती आणि तिची ताई दोघीच. ताई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून भाजी चिरायची आणि तोंड चालवायची.

"चोरीबिरीचा विचार असेल तर आधी सांग. मला नोकरी सोडता येईल."

"ताई, गप्प बस ना. पिन लागतेय."

"लागू दे. माणसं मुलं बघायला जातात, ही भंगारबाजारात जाते."

एवढ्या गडबडीतही कुलूप उघडायचं. तेसुद्धा साधं नव्हे, दोऱ्याच्या रिळासारख्या मध्ये खोलगट पिनांचं. ते आधी अर्धवट फिरून 'उघडलं' असं भासवतं आणि अडतं. मग ताण इतका सैल करावा लागतो, की फिरलेलं सगळं मागे जाईलसं वाटतं. हा धीर तिला आता आला होता. एकदा उघडलं तर ती त्याला योगायोग म्हणायची. पाण्याचा एकच नमुना तपासून कोणी अहवाल देत नाही. बंद करायचं, पुन्हा उघडायचं. डावा-उजवा हात बदलून, डोळे मिटून, दमून आल्यावर... ते दर वेळी उघडायचं.

आणि रविवारी तेच कुलूप तिच्या हातात दगड व्हायचं.

तिने शास्त्र पणाला लावलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी घरचा आकडा नेला, मग घरची उशी नेऊन खुर्ची उंच केली. खिडकीकडे तोंड केलं, खिडकीकडे पाठ केली. तोही बिचारा तिच्यासाठी नाना उपाय करायचा. आकड्याचं टोक पॉलिश कागदाने घासून आणायचा, स्वतःचं बोट तिच्या पट्टीवर टेकवून म्हणायचा, "एवढाच... बघा, एवढाच ताण." त्याचं बोट उबदार असायचं. तिला त्यापुढचं काहीच ऐकू यायचं नाही.

"माझं शिकवणंच चुकतंय बहुतेक," तो एकदा म्हणाला.

"नाही, नाही. माझा हातच जड आहे."

मग एका रविवारी त्याचं बाहेरगावी शिबिर होतं आणि शेजारची खुर्ची रिकामी राहिली. तिने कुलूप हातात घेतलं आणि ते लोण्यासारखं उघडलं. तिने बंद केलं. पुन्हा उघडलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"वा! कानवाल्याला सांगतो. खूश होईल गडी."

"नको काका... नका सांगू," ती घाईने म्हणाली. सगळ्या गोष्टी बदलून झाल्या होत्या, एकच राहिली होती. ती आज आपोआप बदलली होती आणि उत्तर समोर होतं. त्या उत्तराचं करायचं काय, हे मात्र कुठल्याही प्रयोगशाळेत शिकवत नाहीत. ती आठवडाभर नळ सोडून कुठेतरी बघत उभी राहायची, आणि ताई येऊन नळ बंद करायची.

काकांच्या पोटात काही राहत नसे. पुढच्या रविवारी तो आला, तिला बघून हसला आणि पलीकडच्या टेबलाशी जाऊन बसला.

"इथे नाही बसत?" तिने विचारलं.

"आज तुम्ही एकट्या करून बघा."

तिने केलं. एका टेबलाच्या अंतरावर कुलूप निमूट उघडलं. त्याने टाळ्या वाजवल्या. टाळ्या खऱ्या होत्या, चेहरा तेवढा नव्हता.

"म्हणजे मीच आड येत होतो," तो म्हणाला. "बरं झालं कळलं. नाहीतरी... मला दुसऱ्या शहरातल्या शाखेत बोलावलंय. उद्या कळवायचंय. हो म्हणेन म्हणतो. इथे थांबावं असं काही दिसत नाही."

तिच्या हातातली पट्टी टेबलावर पडली. बोलायला हवं होतं. तोंडाशी शब्द आले आणि अर्धवट फिरून अडले. "अभिनंदन," असं काहीतरी पुटपुटून ती जिना उतरली.

खाली काका आरशाएवढी काच कापडात गुंडाळत होते. "निघालीस? एवढ्यात?"

"काम आहे."

"त्यालाही कामच आहे वाटतं, दुसऱ्या गावी. जाऊ दे. तसाही त्याचा हात गेलाय." काकांनी दोरी ओढली. "पूर्वी गप्पा मारता मारता कुलपं उघडायचा. हल्ली बघतेस ना? शिकवतो म्हणे. शिकवायला आकडा हातात नको? तू यायला लागल्यापासून एक कुलूप उघडलेलं नाही पठ्ठ्याने."

ती जागच्या जागी थांबली. खुर्ची, खिडकी, आकडा, उशी, सगळं तिने तपासलं होतं. त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं! स्वतःच्या नखापलीकडे नजर उचलायची तिची हिंमतच झाली नव्हती.

ती मागे वळली. तो जिना उतरतच होता, झोळी खांद्याला लावून. अर्ध्या जिन्यात दोघं समोरासमोर आली.

"काही विसरलात?"

"तुम्ही शेवटचं कुलूप कधी उघडलंत?"

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. "असं काय विचारता..."

"सांगा ना."

"तुम्ही यायच्या आधी." मग खाली बघत म्हणाला, "रोज माणसांना विचारतो, नीट ऐकू येतंय का. आणि तुम्ही शेजारी बसलात की मलाच पिना ऐकू येत नाहीत. तुमच्या बांगडीचा आवाज येतो, श्वासाचा येतो. म्हटलं, लक्षात आलं तर हसाल."

"मला कुलूप उघडता येत नाही असं नाही," ती म्हणाली. आता ती ताण धरून बसणार नव्हती. "घरी दर वेळी उघडतं. तुम्ही शेजारी असलात की उघडत नाही. आणि तुम्ही शेजारी नसलात की... उघडून करायचंय काय, असं वाटतं. आठवडाभर मी रविवारची वाट बघते. कुलपासाठी नाही."

त्याचा हात कठड्यावरून तिच्या हाताजवळ आला आणि तिथेच घुटमळला.

"उद्या काय कळवणार?" तिने विचारलं.

"नाही म्हणून कळवीन." मग हळूच, "तू थांब म्हणशील तर."

"थांब," ती म्हणाली. "थांब ना."

"अरे, बाजूला व्हा!" काका काच उभी धरून जिन्यावर आले. "फुटली तर दोघांकडून भरून घेईन!"

दोघं एकाच भिंतीला चिकटून उभी राहिली. काच त्यांच्या नाकासमोरून वर सरकली. कापड एका कोपऱ्यावरून घसरलं होतं, आणि तेवढ्या चौकोनात तिला क्षणभर प्रतिबिंब दिसलं, त्याने डोळे मिटून घेतले होते आणि तो हसत होता. तिच्या खांद्याला त्याचा खांदा लागला होता.

काच वर पोचली. काकांनी पायाने दार ढकललं, खोलीत कोणीतरी टेबल सरकवलं. जिन्यात आता ऐसपैस जागा झाली होती.

दोघांपैकी कोणीच हललं नाही.