कंटेनरसोबत आलेली विबेके

क्रेनने विबेकेचा कंटेनर न्यूक बंदराच्या धक्क्यावरून उचलून गस्तीनौकेच्या मागच्या डेकवर ठेवला, तो नेमका सुकाणूवाल्या नुकाच्या कॉफी पिण्याच्या जागेवर. नुका कॉफीचा मग हातात घेऊन समोर उभा.

"बाईसाहेब, एवढं मोठं जहाज, तुम्हाला हीच जागा सापडली?"

"सोसा थोडे दिवस. कंटेनर उतरवला की मीही उतरेन."

"सोसतो की..." म्हणत त्याने तोच मग तिच्या हातात दिला.

कंटेनरात होती बिनमाणसाची होडी, बर्फाच्या कडेने एकटी फिरून पाहणी करणारी. विबेके तिला पडद्यावरून हाकायची आणि सुकाणूवरची पाळी संपली की नुका दारात टेकून विबेकेला छळायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणाला कळलं नाही. खरं तर दोघांनाही कळलं होतं!

कप्तान लाउरित्स मात्र होडीवर नाराजच. ती हरवली, तर कंटेनर पुढच्या बंदरात खाली जाईल आणि विबेकेही, असं त्यांनी सुनावलं होतं.

एका दुपारी धुकं दाटलं, संपर्क तुटला. तुटला तरी होडी आपसूक परतते, म्हणून विबेके निवांत होती. मग एकदम तिला काहीतरी आठवलं. ती धावत वर सुकाणूपाशी गेली.

"नुका — परतीची जागा बदलायची राहिलीच! होडी सकाळच्याच जागी जाणार. आपण तर बर्फ चुकवत केवढे लांब आलो..."

नुका हसला नाही. कप्तानांकडे वळून म्हणाला, "वाऱ्याने तिथला बर्फ सरकला असेल. जहाज मी नेतो."

"आणि अडकलो तर?"

"तर हिच्यासोबत मलाही उतरवा."

विबेकेचे कान तापले. कप्तानांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मान हलवली. "वळव."

बर्फ खरंच सरकला होता. धुक्यात होडी दिसली — नारिंगी, गोल गोल फिरणारी, अगदी धडधाकट. विबेकेला हुश्श झालं. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

डेकवरून होडीला दोराने अडकवताना तिने विचारलं, "होडीसाठी एवढी जोखीम घेतलीस?"

"होडीसाठी नाही गं. तू गेली असतीस, मग मी..."

"मग तू काय? सरळ सांग ना."

"आवडतेस. खूप."

"मलाही तू," ती म्हणाली. "आता ओढ तो दोर, नाहीतर पुन्हा पळेल ती."

दोघंही हसत ओढू लागले.